ठशाभोवतीची पाच छिद्रं

असियुत, मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय वगीह,

या नावाने तुला आता आईशिवाय कोणी हाक मारत नाही, आणि तीसुद्धा चारचौघांत ‘अबूना बाखूम’च म्हणते. धर्मगुरूची दीक्षा झाली त्या दिवशी तुला नवं नाव मिळालं आणि जुनं घरापुरतं उरलं. मी ते मुद्दाम वापरते आहे. गेल्या अकरा दिवसांत तू मला चौदा वेळा फोन केलास. मी उचलला नाही. कामात होते असं नाही. फोनवर तू हळू बोलतोस, मधे थांबतोस, आणि त्या थांबण्यात मी काहीतरी कबूल करून बसते. कागदावर मला माझ्या गतीने जाता येतं.

आधी कामाचं. चर्चमागच्या भट्टीचा गॅस रेग्युलेटर तपासला. आच वरखाली होत होती ती आतला रबरी पडदा चिरल्यामुळे. नवा बसवला आहे, दाब मोजून पाहिला आहे, दोन वर्षं बघावं लागणार नाही. नळी मात्र जुनी आहे, ती नाताळाआधी बदला. आईचे कागद इथल्या डॉक्टरांना दाखवले. गोळी तीच, फक्त सकाळऐवजी संध्याकाळी घ्यायची. वहिनीला सांग, लोणचं पोचलं, बरणी गळली नाही. ही तीन कामं झाली. आता उरलेलं.

भट्टीत जायला मी आधी नाही म्हणाले होते. ती खोली पुरुषांची. मिस्सेच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेच्या, दिवशी पहाटे तिथे अर्पणाची भाकर, कुर्बान, भाजतात; भाजणारा उपाशी असतो आणि स्तोत्रांशिवाय त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. तिथे बाईने हत्यारांची पिशवी घेऊन जायचं म्हणजे गावाला आठवडाभराचा विषय. तू हसून म्हणालास की रेग्युलेटरला बाई-पुरुष कळत नाही, तू जा. तेव्हा मला बरं वाटलं. नंतर मी यावर पुष्कळ विचार केला. तू मला तिथे मुद्दाम पाठवलंस का? जे तुझ्या तोंडून निघत नव्हतं ते दुसऱ्याने सांगून टाकावं म्हणून? तसं असेल तर त्याला मी धैर्य म्हणणार नाही. आणि तसं नसेल, तर तुला अजून पाच-दहा वर्षं असंच चालवायचं होतं. दोन्हींपैकी कोणतं बरं, हे मला ठरवता आलेलं नाही.

बाबांचं क्रमाने लिहिते. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या बाजूने ते कसं दिसत होतं हे माहीत नाही. मी सोळा वर्षांची होते. गळीत हंगाम भरात होता, कारखान्याच्या चिमणीतून उडालेली चिपाडाची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची आणि आई रोज त्या राखेला शिव्या द्यायची. बाबा सकाळच्या पाळीचे बॉयलर फोरमन. त्या दिवशी सहाला पाळीवर गेले आणि सातला दहा मिनिटं कमी असताना बॉयलरची नळी फुटली. भट्टीवाला गिरगिस वाफेने भाजला आणि चौथ्या दिवशी गेला. चौकशीत निघालं की सेफ्टी व्हॉल्व्हवर कोणीतरी लोखंडी शिकंजा आवळून ठेवला होता. दाब वाढला की तो व्हॉल्व्ह आपोआप उघडून वाफ सोडून देतो. शिकंजा असला की उघडत नाही. रजिस्टरमध्ये बाबांची सही होती: तपासला, मोकळा आहे. त्यांचा गुडघा सुजला होता, शिडी न चढताच त्यांनी सही केली होती, आणि हे त्यांनी न्यायालयात कोणी न विचारता सांगितलं. शिकंजा मी लावला नाही, हेही सांगितलं. पहिल्या वाक्यावर सगळ्यांचा विश्वास बसला, दुसऱ्यावर कोणाचाच बसला नाही. अडीच वर्षं तुरुंगवास झाला. सुटून आले ते आठ महिने जगले.

त्या अडीच वर्षांत आईला तुरुंगाच्या भेटीला कोण न्यायचं? लमईकाका. कारखान्यात गेज आणि व्हॉल्व्हची दुरुस्ती करणारा, बाबांना नुसतं ‘सिदहोम’ म्हणणारा त्यांचा शाळेपासूनचा मित्र. आपल्या तीनचाकीत आईला बसवून न्यायचा, बाहेर उन्हात थांबायचा, आत कधी गेला नाही. आपल्याला वाटायचं, मित्राला गजाआड बघवत नाही त्याला. दाराशी काकवीचा डबा ठेवून न बोलता जायचा. बाबांची शवपेटी उचलणाऱ्यांत पुढचा उजवा खांदा त्याचा होता.

लहानपणी मी बाबांना विचारलं होतं की आपली प्रत्येक उपासना आभाराच्या प्रार्थनेने का सुरू होते. लग्न असो, बारसं असो, मयत असो, आधी आभार, मग बाकीचं. मला तो क्रम चुकलेला वाटायचा. आधी चूक सांगावी, मग माफी मिळावी, मग आभार मानावेत. बाबा बुटाला पॉलिश करत होते. म्हणाले, “निकालाआधीच गल्लीत सरबत वाटतो तो एक तर वेडा असतो, नाहीतर मास्तरांनी त्याच्या कानात आधीच सांगितलेलं असतं. आपल्याला आधीच सांगितलेलं आहे, बेटा.” तुरुंगातून आल्यावरही ते आभाराच्या प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी उभे राहायचे, दाराजवळच्या खांबाला धरून. पण प्रभुभोजनाला पुढे जायचे नाहीत. मनात कोणाविरुद्ध काही असेल तर वेदीपाशी जायचं नाही, हा नियम आपल्याला त्यांनीच शिकवला होता. गिरगिसच्या घरचे आपल्याशी बोलत नव्हते, त्याबद्दल त्यांना राग नव्हता. राग त्या शिकंजा लावणाऱ्यावर होता, आणि तो कोण हे त्यांना माहीत नव्हतं. नाव कळलं तर बघता तरी येईल राग सोडवतंय का, असं म्हणायचे. शेवटी जुने अबूना घरी आले आणि त्यांनी अंथरुणावरच त्यांना प्रभुभोजन दिलं. तेव्हा बाबांना खोलीत कोण आलंय हे कळत नव्हतं. आईला वाटतं, ते समाधानाने गेले. मी तिथे होते. ते नुसते गेले.

त्यानंतर मीही पुढे जाणं बंद केलं. यंत्रशास्त्र घेतलं. तू पाहुण्यांसमोर म्हणायचास, हिला नवरा नको, प्रेशर गेज हवाय, आणि सगळे हसायचे, मीसुद्धा. आता शुक्रवारच्या सुट्टीला गावी येणं सोडलं तर मी दिवसभर तेच करते. लोकांची गेज आणि व्हॉल्व्ह तपासते, बरोबर असली तर प्रमाणपत्रावर सही करते. आमच्याकडे हजार चुका खपतात. मोजण्याआधी सही केलेली खपत नाही. बाबांच्या त्या सहीमुळेच मी या बाबतीत जरा जास्त कडक आहे, असं माझे वरिष्ठ म्हणतात. त्यांची सही खोटी नव्हती, आंधळी होती; पण गिरगिसच्या बायकोला हा फरक मी कोणत्या तोंडाने सांगणार?

आणि ती फाइल. चौकशीच्या कागदांची नक्कल मिळवायला मला दीड वर्ष लागलं. त्यात दाबाची नोंद करणारा गोल कागद होता, ज्यावर सुई चोवीस तास रेघ ओढत जाते. तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि कोणी वाचला नव्हता. तो घेऊन मी गावी आले तेव्हा तुला दीक्षा होऊन सहा महिने झाले होते. स्वयंपाकघरात आई मसूर निवडत होती, ती शेजारी गेल्यावर मी तो कागद टेबलावर पसरला. तुला दाखवलं की रेघ तीन वाजून दहा मिनिटांनी मर्यादेच्या बाहेर गेली आहे आणि व्हॉल्व्ह उघडल्याची खूण कुठेच नाही. म्हणजे शिकंजा त्याआधीच लागला होता. तू कागदावर वाकलास, त्या रेघेवरून बोट फिरवलंस आणि विचारलंस, “म्हणजे तेव्हा बाबा घरी होते?” मी म्हणाले, “घरी. झोपलेले.” तू डोळ्यांवर हात ठेवलास. मी तुला पाणी आणून दिलं. मला वाटलं, माझ्या मोजमापाने पहिल्यांदाच कोणाला तरी रडवलं. वगीह, तुला ते तेव्हा साडेचार महिन्यांपासून माहीत होतं. शिकंजा कोणी लावला, किती वाजता, कोणाच्या सांगण्यावरून, सगळं. तरी तू मला पुढचा तासभर समजावून सांगू दिलंस. मधे दोन प्रश्नही विचारलेस, चांगले प्रश्न.

ते तुला कसं कळलं यावर माझी तक्रार नाही. दीक्षेनंतरचे चाळीस दिवस मठात काढून तू परतलास आणि पहिल्याच आठवड्यात लमईकाका तुझ्यापुढे पापनिवेदनाला बसला. ते गुपित वेदीचं आहे, जीव गेला तरी फोडायचं नाही. तू फोडलं नाहीस. एका शब्दाने नाही, चेहऱ्यानेही नाही. हे मी पूर्ण मान्य करते, आणि मान्य करते म्हणूनच पुढचं लिहू शकते. तू गप्प राहिलास एवढंच असतं तर हे पत्र नसतं.

त्या निवेदनानंतर महिन्याने तू मला गच्चीवर नेलंस. कबुतरांना दाणे टाकत होतास. म्हणालास, त्या माणसाला सोडून दे. मी विचारलं, कोणत्या? तू म्हणालास, जो कोणी असेल तो. नाव नसलेल्याला क्षमा करणं उलट सोपं, चेहरा मधे येत नाही. मी म्हणाले की मला असं अंदाजाने काही करता येत नाही. तू दोन आठवडे थांबलास. मग पुन्हा विचारलंस, आणि चार वर्षं मी वेदीपासून लांब आहे हे आईला किती लागतं ते सांगितलंस. ते खरं होतं. मी चर्चच्या कार्यालयात तुझ्यासमोर उभी राहून म्हणाले की केली. तू म्हणालास, “मोठ्याने म्हण, युस्ती. त्याला ऐकू जाईल असं.” मी मोठ्याने म्हणाले, “बाबांचं ज्याने वाटोळं केलं त्याला मी क्षमा केली.” तू रडलास. त्या शुक्रवारी मी चार वर्षांनी प्रभुभोजन घेतलं, तुझ्या हातून, आणि आईने घरी आल्यावर बदक भाजलं. तू माझी सुटका केलीस असं मी तीन वर्षं समजत होते.

त्याच महिन्यात लमईकाका कारखान्याची नोकरी सोडून भट्टीत आला. गावात सगळ्यांना आश्चर्य वाटलं. आधीचा भाजणारा कधी कच्चं ठेवायचा, कधी करपवायचा. लमईकाकाची भाकर अशी व्हायची की मिस्सेनंतर उरलेल्या भाकरी आशीर्वाद म्हणून वाटताना मुलं रांग मोडायची. तो पहाटे चारला यायचा. सगळी स्तोत्रं पाठ केली, साठीला. पीठ तीनदा चाळायचा. आई म्हणायची, “लमईच्या हातात काहीतरी आहे बघ. माणूस नुसतं भाजत नाही, आभार मानतोय.” बाबांच्या स्मृतिदिनाच्या मिस्सेला त्याने भाकरीवर क्रूस उमटवायचा ठसा नवा कोरून घेतला होता, कडा तीक्ष्ण याव्यात म्हणून. मी त्याला म्हणाले, काका, आज फार सुंदर झालीय. तो पदराला हात पुसावे तसे आपल्या गलबियाला, त्या पायघोळ झग्याला, हात पुसत राहिला.

आता अकरा दिवसांपूर्वीच्या शुक्रवारचं. साडेपाचला मी भट्टीत गेले. तो स्तोत्र म्हणत होता, थांबला नाही, नुसती मान हलवली. सिलिंडर त्याच्या पायाशी होता, म्हणून मी म्हणाले, काका, जरा सरका. तो सरकला. मी गुडघ्यांवर बसून रेग्युलेटर उघडला. पाठीमागे त्याचा ठसा पिठावर पडल्याचा आवाज येत होता, एकामागून एक, नऊ. मग ताट आत गेलं. थोड्या वेळाने त्याने झाकण उघडलं आणि स्तोत्र ओळीच्या मध्यावर तुटलं. मी वर पाहिलं. नऊच्या नऊ भाकरी फुग्यासारख्या फुगल्या होत्या आणि मधला क्रूस फाटला होता. तो छिद्रं पाडायला विसरला होता. ठशाभोवती पाच छिद्रं असतात, पाच जखमांची खूण म्हणून. माझ्या भाषेत, वाफ बाहेर पडावी म्हणून. तीन वर्षांत तो एकदाही विसरला नव्हता. अशी भाकर वेदीवर जात नाही. त्याने ताट खाली ठेवलं, त्याकडे पाहत उभा राहिला आणि मग त्या खोलीत जे बोलायचं नसतं ते बोलला. “वाफेला वाट ठेवली नाही मी. दुसऱ्यांदा.”

मी पाना फिरवत राहिले. त्याने सगळं क्रमाने सांगितलं, माझ्यासारख्याच क्रमाने. पाळी नसताना त्याला पहाटे दोनला घरून बोलावलं होतं. व्हॉल्व्हमधून वाफ गळत होती, विभागाचा इंजिनिअर म्हणाला की गाळप थांबणार नाही, आवळून टाक, सकाळी काढ. तो रजिस्टरवर नव्हता, म्हणून तो आला होता हे कोणाला कळलं नाही. पाचला जाऊन तो काढणार होता. “झोप लागली,” म्हणाला. “बाकी काही नाही. झोप लागली.” इंजिनिअर पुढच्याच वर्षी वारला, रात्री बॉयलर सांभाळणारा माणूस पाळीत झोपला होता आणि ते कबूल करेना, आणि लमईकाकाला चार मुली होत्या.

मी एकच विचारलं, आज का सांगताय? त्याने जे उत्तर दिलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुझ्याबद्दल आहे. “मला वाटत होतं, तुला माहीत आहे. अबूना म्हणाले होते, सिदहोमच्या मुलीनेही तुला क्षमा केली, माझ्यासमोर, मोठ्याने. फक्त तिच्यापाशी तो विषय काढू नकोस, जखम उघडेल. म्हणून तर मी या भट्टीत आलो, पोरी. दर शुक्रवारी तू माझ्या हातची भाकर घ्यायचीस, वर ‘छान झालीय’ म्हणायचीस, आणि मी घरी जाऊन बायकोला सांगायचो की सिदहोमची पोर केवढ्या मनाची. आज तू आत आलीस आणि म्हणालीस, काका, जरा सरका. इतकं साधं. ज्याला माहीत आहे, तो असं म्हणत नाही. मी ठसा मारत होतो आणि मला कळलं की तुला माहीतच नाही. मग मला छिद्रं कुठली आठवायला?”

वगीह, तू माझ्याकडून कोऱ्या कागदावर सही घेतलीस. त्यावर वर त्याचं नाव लिहिलंस आणि नेऊन त्याला दिलीस. त्याची तीन वर्षांची उपासना, ती पहाट, ती पाठ केलेली स्तोत्रं, तीनदा चाळलेलं पीठ, सगळं माझ्या क्षमेच्या आभारावर उभं होतं, आणि ती मी केलेलीच नव्हती. तो मूर्ख ठरला, मी खोटी ठरले. तुझा हेतू चांगला होता हे मला कळतं. एका माणसाला अपराधाच्या ओझ्याखाली मरू द्यायचं नव्हतं, बहिणीला वेदीपाशी आणायचं होतं, गावात दोन घरांत वैर नको होतं. देवाने केलेली क्षमा त्याला सांगून तू थांबला असतास तर ती पुरली असती. ती तुझ्या हातात होती, ती द्यायचा तुला अधिकार आहे. माझी तुझ्या हातात नव्हती. तिला किती वेळ लागला असता, किती भांडण लागलं असतं, कदाचित आलीच नसती, पण आली असती तर तिच्यावर त्याचं नाव माझ्या अक्षरात असतं. बाबांना हेच हवं होतं, एक नाव, ज्याच्याकडे बघून सोडवतंय का ते बघता येईल. त्यांना ते मिळालं नाही. मला मिळू शकत होतं, कारण ते ज्याचं, त्याच्याच हातची भाकर मी दर शुक्रवारी घेत होते.

आणि तुझं ते वाकणं. मिस्सा सुरू करण्याआधी धर्मगुरू लोकांकडे वळतो, वाकतो आणि म्हणतो, चुकलो, मला क्षमा करा. सगळेच म्हणतात, रीतच आहे. पण तू बायकांच्या बाजूला जरा जास्त वेळ वाकलेला राहायचास. मी तिसऱ्या बाकावर. मला अभिमान वाटायचा की आपला भाऊ ते शब्द नुसते उरकत नाही. आता हिशोब जुळतो. तू शंभराहून जास्त वेळा माझी क्षमा मागितलीस, दरवेळी तीनशे माणसांच्या गर्दीत, जिथे मला कशाची ते विचारता येणार नाही. आणि दरवेळी मी बाकीच्यांबरोबर म्हणाले की देव तुम्हाला क्षमा करो, अबूना.

त्या दिवशी लमईकाकाने दुसरं ताट मळलं. या वेळी छिद्रं दोनदा मोजली. मी पिठाच्या पोत्यावर बसून राहिले. फुटलेल्यांतली एक भाकर मी मोडून खाल्ली, अर्धी त्याच्यासाठी ठेवली. तो उपाशी होता, मिस्सेनंतर खाईन म्हणाला. त्याला मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. ते आमच्या दोघांत आहे, या वेळी मधे कोणी नको. मिस्सेला मी आले, आभाराच्या प्रार्थनेला उभी राहिले, पुढे आले नाही. तू ताट हातात घेऊन माझ्याकडे पाहिलंस हे मी पाहिलं. जेवायला न थांबता निघाले म्हणून आई रुसली असेल. तिला अजून काही माहीत नाही. ते सांगणं मी तुझ्यावर सोडते, त्याला आठवडाभराहून जास्त वेळ देत नाही, कारण बाहेरून कळण्याआधी तिला घरातून कळायला हवं. काल लमईकाका इथे आला, बायकोला बरोबर घेऊन; दोघं उद्या गावी परततील. वकिलासमोर त्याने सही केली, पानन् पान वाचून. शनिवारी आम्ही सरकारी वकिलाकडे जाणार आहोत. त्याला काय होईल ते वकिलालाही नक्की सांगता येत नाही. बाबांवरचा निकाल पुन्हा तपासला जाईल एवढं मात्र नक्की. सही करून झाल्यावर त्याने वकिलाला विचारलं की तोवर भट्टीत गेलं तर चालेल ना. वकील मुसलमान आहे, त्याला प्रश्न कळेना. मी म्हणाले, चालेल.

आता हे पत्र का, ते. गुरुवारी संध्याकाळी धूपप्रार्थनेआधी लमईकाका ते तुझ्या हातात देईल, म्हणजे शुक्रवारच्या मिस्सेआधी ते तू वाचलेलं असेल. अर्पण घेऊन वेदीपाशी आलेल्या माणसाला जर आठवलं की कोणाच्या तरी मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर त्याने अर्पण तिथेच ठेवावं, आधी जाऊन समेट करावा आणि मग परत यावं. हा नियम तू मला शिकवायची गरज नाही आणि मी तुला. धर्मगुरूला त्यातून सूट आहे असं मी कुठे ऐकलेलं नाही. आजवर तुला म्हणता येत होतं की कोणाच्या मनात काय आहे हे मला कसं कळावं. म्हणून रीतसर कळवते: तुझ्या बहिणीच्या मनात तुझ्याविरुद्ध आहे. तिच्या बापाला गाडणाऱ्या माणसाविरुद्ध नसेल इतकं तुझ्याविरुद्ध आहे. आता तुला माहीत झालं, आणि माहीत असताना तू शुक्रवारी ती भाकर उचलू शकत नाहीस. शेजारच्या गावचे अबूना मिस्सा सांभाळतील, त्यांना तू विचार, मी विचारलेलं नाही. सकाळी सहा वीसची गाडी साडेनऊला इथे पोचते. तयारी करून येऊ नकोस, माझ्या वाटचं तूच बोलू नकोस, आणि मी काय उत्तर देईन हे धरून चालू नकोस, कारण मलाच माहीत नाही. शुक्रवारी मी दिवसभर घरी आहे. दाराची घंटा तीन महिन्यांपासून बिघडली आहे, दुसऱ्यांची यंत्रं बघताना स्वतःची राहून जाते. हातानेच वाजव, आणि जरा जोरात.

तुझीच, आणि हे मी तपासून लिहिते आहे,
युस्तिना